आढे, पन्हळ आणि घरधनी

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेस आरंभ केला, तेव्हापासून महाराष्ट्रात उन्हाळ्याचे दिवस हे व्याख्याने ऐकण्याचे दिवस झाले. शेतीची कामे उरकलेली असतात, शाळांना सुट्या असतात, संध्याकाळी थोडा वारा सुटतो आणि माणूस चार शब्द ऐकावयास मोकळा असतो. परंतु आमच्या भंडारा जिल्ह्यात याच दिवसांत आणखी एक काम निघते. वैशाख लागला की घरधन्याची नजर छपराकडे जाते. रोहिणी नक्षत्र संपून मृग लागावयाच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, घरावरचे कवेलू फेरून झाले पाहिजेत. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला कौल म्हणतात त्यालाच आम्ही कवेलू म्हणतो. आणि तिकडे ज्याला कौले चाळणे म्हणतात त्याला आम्ही कवेलू फेरणे म्हणतो. म्हणजे ज्या आठवड्यांत शहरात व्याख्याने झडतात, त्याच आठवड्यांत खेड्यातील माणूस आपल्या घराच्या डोक्यावर बसलेला असतो. आज या दोन्ही गोष्टी एकत्र आणाव्यात, असे आम्ही योजिले आहे.

कवेलू फेरण्यात इतिहास तो कसला, असे कोणी विचारील. भंडाऱ्याचा इतिहास सांगावयाचा तर अंबागड आहे, सानगडी आहे, पवनीचा कोट आहे. त्यांचा इतिहास सांगणारे विद्वान आहेत आणि तो सांगितला गेलाही आहे. परंतु किल्ले जिल्ह्यात मोजके, आणि छप्पर प्रत्येक घरावर. शिवाय घराचे छप्पर घरच्यांनीच नीट करावे, ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. ती घडून येण्यास जवळपास कुंभार लागतो, तळ्यातील माती उचलण्याची मोकळीक लागते, रानातला बांबू लागतो आणि शेजाऱ्याचा हात लागतो. या चार गोष्टी जोवर होत्या तोवर घरधनी आपल्या छपराचा कारागीर होता. त्या एकेक करून दूर झाल्या, तसतसा तो आपल्याच छपराखालचा पाहुणा झाला. हे कसे घडले, त्यात काय मिळाले आणि काय गेले, हे पाहणे हाच आजचा विषय.

प्रथम छपराची ओळख करून घेऊ. घराची दोन पाखी वर जेथे एकमेकांस मिळतात ते आढे. ज्या घरास काटकोनात दुसरे घर जोडलेले असते, अथवा मधल्या चौकाभोवती चारही बाजूंनी सोपे असतात, तेथे दोन पाखी आतल्या अंगास मिळतात आणि त्यांच्या मधे एक घळ होते, ती पन्हळ. पाख्याच्या मधल्या भागावर पाणी पडते आणि निघून जाते. तेथला एखादा कवेलू फुटला तरी एका ठिकाणी ठिबकते आणि तेवढ्यावर भागते. आढे व पन्हळ यांची गोष्ट निराळी. आढ्यावर दोन्ही पाखी उघडी पडतात. तेथे फट राहिली की वाऱ्याबरोबर पाणी थेट लाकडावर उतरते आणि आढ्याचे लाकूड कुजते. पन्हळीत दोन पाख्यांचे सारे पाणी एका वितीच्या वाटेने धावते. ती तुंबली की घरात धार लागते. भंडाऱ्यास वर्षाकाठी बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. अशा मुलखात घर टिकते की बसते, याचा निकाल या दोन जागांवर लागतो. म्हणून जुनी माणसे पोराला पाख्यावर आधी बसवीत आणि आढ्यापाशी फार उशिरा जाऊ देत.

मातीच्या भाजलेल्या तुकड्यांनी छप्पर झाकण्याची विद्या या देशात जुनी आहे. नेवासे, तेर, कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी अशा ठिकाणच्या उत्खननांत सातवाहन काळातील कौले सापडली आहेत. आमच्या जिल्ह्यातील पवनी हेही त्याच जुन्या काळातील नांदते नगर. तेथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले आणि जगन्नाथ टेकडीवर विटांचा मोठा स्तूप उजेडात आला. सातवाहन काळातील ही कौले चपटी असत, त्यांवर खाचा असत आणि एका टोकास भोके असत, ती खिळ्याने किंवा खुंटीने लाकडास पक्की करण्यासाठी. आजच्या आमच्या कवेलूचा वंश त्या कौलांपर्यंत सरळ नेता येईल, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दोहोंतील एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. ते कौल खिळलेले होते. आमचा गावठी कवेलू कशालाही खिळलेला नसतो. तो केवळ आपल्या वजनाने आणि शेजारच्या कवेलूच्या आधाराने बसतो. त्यामुळे वारा, मांजर आणि वानर त्याला हलवू शकतात. आणि त्याचमुळे घरधनीही त्याला उचलून पुन्हा बसवू शकतो. त्याचा दोष आणि त्याचा गुण एकाच गोष्टीत आहे.

हा कवेलू होतो कसा? कुंभार चाकावर मातीची एक पोकळ नळी चढवितो, एका तोंडाशी थोडी रुंद आणि दुसऱ्या तोंडाशी थोडी निमुळती. नळी जराशी सुकली की तिला दोन बाजूंनी उभी चीर देतो. वाळल्यावर ती दुभंगते आणि एका नळीचे दोन कवेलू होतात. मग ते आव्यात भाजावयाचे. घरावर बसविताना एक ओळ उताणी आणि तिच्या दोन कडांवर दुसरी ओळ पालथी, असे मांडतात. उताण्या ओळीतून पाणी वाहते, पालथी ओळ सांधे झाकते. काही घरांवर खाली चपटे, कडा उचललेले कवेलू घालतात आणि वर नळीचे. तत्त्व एकच. भूमध्य समुद्राच्या काठच्या ग्रीक व रोमन घरांपासून चीनपर्यंत अनेक देशांत ही उताण्या-पालथ्याची रीत स्वतंत्रपणे वा देवाणघेवाणीने रूढ झाली. कुंभाराचे चाक आणि चुलीइतका विस्तव एवढ्या सामग्रीवर पाऊस थोपविण्याचा याहून सोपा मार्ग माणसास सापडला नव्हता.

आता त्या चार आधारांकडे वळू. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेली तळी येथे गावोगाव आहेत. साकोलीकडचा शिवणीबांध आणि नवेगावबांध ही त्यांतील मोठी नावे. नवेगावबांध १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून तिकडे गेला. तळे धानासाठी, हे सर्वांस ठाऊक आहे. पण उन्हाळ्यात तळ्याचे पाणी आटले की तळाशी बारीक, चिकट गाळ उघडा पडे; शेतकऱ्यास तो शेतासाठी हवा असे आणि कुंभारास चाकासाठी. कुंभार हा गावगाड्याचाच घटक होता, आणि त्याच्या कामाचा मोबदला बहुधा सुगीच्या धान्यातून होई. पाख्याखालचे वासे आणि कामट्या रानातून येत. बांबू चिरण्याचे काम बुरडाचे. परंतु घरापुरत्या कामट्या बहुतेक शेतकरी स्वतःही काढीत.

रानातून घरापुरते लाकूड, बांबू आणि सरपण आणण्याच्या या रूढ हक्कास आमच्याकडे निस्तार म्हणतात. इंग्रजांनी १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण केला आणि पुढच्या जमाबंदीत मालगुजारांना गावांची मालकी दिली. रान आणि तळे कागदोपत्री मालगुजाराचे झाले, तरी रयतेचा निस्तार चालू राहिला. मालगुजारी १९५१ साली संपली आणि गावची ही सामाईक मालमत्ता सरकारकडे आली. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत विदर्भातील गावांसाठी निस्तारपत्रकाची तरतूद झाली. त्यात लाकूडफाट्याबरोबर मातीचाही उल्लेख आहे. अर्थात हक्क कागदावर राहणे निराळे आणि बांबू हाती पडणे निराळे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडात गणले होते. वनस्पतिशास्त्राने बांबू हे गवत आहे. कायद्याने ते नव्वद वर्षे झाड राहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात घातले आणि २०१७ साली मूळ कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून तो शब्द काढण्यात आला. परंतु तोवर पुष्कळ घरांवरच्या कामट्या कुजल्या होत्या आणि त्यांच्या जागी बाजारातील लाकडी पट्ट्या किंवा लोखंडी नळ्या आल्या होत्या.

चौथा आधार शेजाऱ्याचा. घर फेरणे हे एकट्याचे काम नव्हे. एक वर बसतो, एक शिडीवर उभा राहतो, दोघे खाली चांगले आणि फुटके निवडतात. आमच्या लहानपणी आम्ही भावंडे अंगणात रांगेने उभी राहून कवेलू हातोहात वर देत असू. एकाचे घर झाले की तीच माणसे दुसऱ्याच्या घरी जात. आणि एक गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली नव्हती, ती आज सांगितली पाहिजे. वडील वर चढत, परंतु कोठे चढावयाचे ते आई सांगे. मागच्या पावसाळ्यात चुलीपाशी ठिबकले, धानाच्या कोठीवर नाही. देवापाशी पहिल्या पावसात गळले आणि मग आपोआप थांबले. कोपऱ्यात वारा उलटा असला तरच येते. हा सारा हिशेब तिच्या डोक्यात असे. चार महिने गळतीखाली भांडी मांडणारी तीच. म्हणून छपराची खरी माहिती तिच्याजवळ. छपराच्या इतिहासात कुंभाराचे आणि सुताराचे नाव निघते, या खालून दिलेल्या सूचनांचे निघत नाही. ते निघावयास हवे.

तरीही जुन्या व्यवस्थेचे गोडवे गावेत, असे आम्हांस वाटत नाही. कवेलूचे घर सर्वांच्या वाट्यास आले नव्हते. गावाच्या कडेला राहणाऱ्या पुष्कळांच्या डोक्यावर गवत किंवा सिंदीची पाने असत, आणि ऐन उन्हाळ्यात एक ठिणगी त्यांच्या घराला पुरे होई. मालगुजारी गावात बिगार होती. वाड्याच्या पाख्यावर उन्हात चढणारा माणूस वाड्याचा मालक नसे. तेव्हा स्वतःचे छप्पर स्वतः दुरुस्त करणे हा काहींच्या दृष्टीने स्वावलंबनाचा भाग होता आणि काहींच्या दृष्टीने निव्वळ नाइलाज. चढणारा घसरून पडला तर त्याचे हातपाय मोडत आणि घरची शेती त्या वर्षी पडीक राही. ज्याला हा कवेलू सोडून देता आला त्याने तो आनंदाने सोडला, यात नवल नाही.

बदल सुरू झाला तो दूरच्या समुद्रकाठी. फ्रान्समधील आल्सास प्रांतात जिलार्दोनी नावाच्या बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकून बसणाऱ्या कौलाचा परवाना घेतला. त्या धर्तीवर मंगळूरच्या जेप्पू भागात बाझेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांची माती तेथे हाताशी होती. साच्यात दाबलेले, कडेला खाच आणि पाठीला आकडा असलेले ते लाल कौल मंगलोरी कौल म्हणून देशभर गेले आणि पुढे त्याची नक्कल ठिकठिकाणी होऊ लागली. आमच्या मुलखात १८८० नंतरच्या काही वर्षांत नागपूर-छत्तीसगड रेल्वे झाली, मग ती बंगाल-नागपूर रेल्वेत आली. रेल्वेच्या वाटेने जे नवे सामान खेड्यांपर्यंत पोहोचले त्यात हे कौलही होते. आमच्या लोकांनी त्याला इंग्रजी कवेलू असे नाव दिले. नाव चुकीचे होते, कारण त्याचा जन्म फ्रेंच, त्याला इकडे आणणारे स्विस-जर्मन आणि माती कानडी मुलखाची. परंतु गावाला जे परके ते इंग्रजी, असा त्या काळचा हिशेबच होता.

इंग्रजी कवेलूने एक मोठे काम केले. एका चौरस मीटरला असे सुमारे पंधरा कवेलू पुरतात आणि ते एकमेकांत अडकून बसतात, त्यामुळे दरवर्षी सगळे पाखे फेरण्याची गरज उरली नाही. वानरांची टोळी गेली तरी सगळे छप्पर विसकटत नाही. पण याच वेळी एक सूक्ष्म फरक पडला. पाख्याचा मधला भाग कारखान्याने सोपा केला; आढे व पन्हळ मात्र तशीच अवघड राहिली. आढ्यासाठी निराळ्या आकाराचे कवेलू विकत घ्यावे लागत, आणि ते चुन्यात किंवा सिमेंटात बसवावे लागत. पन्हळीसाठी जस्ती पत्रा कापावा लागे आणि तिच्या दोन्ही अंगांचे कवेलू तिरके तासावे लागत. गावठी कवेलू विळ्याच्या पाठीने टोचून आकाराला आणता येई. साच्यातील पक्का कवेलू तसा तुटत नाही, भलतीकडेच फुटतो. त्यामुळे घरधन्याच्या हातून प्रथम गेल्या त्या याच दोन जागा. मधले पाखे तो स्वतः पाही, आढ्यासाठी आणि पन्हळीसाठी गवंडी बोलावी. ज्ञानाची अशी वाटणी झाली, आणि अवघड वाटा बाहेरच्याकडे गेला.

मग सिमेंट आले. १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून देशी सिमेंट निघू लागले आणि पुढच्या काही दशकांत ते तालुक्याच्या दुकानात मिळू लागले. सिमेंट म्हणजे पक्के, हा विश्वास लोकांत इतका दृढ झाला, की आढ्यावरच्या चुन्याच्या आणि चिखलाच्या जागी सर्रास सिमेंट भरण्यात आले. येथे आमच्या मते मोठी चूक झाली. लाकडी छप्पर कधी स्थिर नसते. ते उन्हाने आकसते, पावसाने फुगते. चुना थोडा मऊ असल्याने या हालचालीला थोडी वाट देतो आणि तडा गेलाच तर आढ्यावरचा कवेलू अखंड उचलून पुन्हा बसविता येतो. सिमेंट कडक, ते लाकडाबरोबर हलत नाही, केसासारखी चीर देते. त्या चिरेतून पाणी आत शिरते, पण बाहेर वाळत नाही. आणि ते काढावयास गेले की खालचा कवेलूही फुटतो. दुरुस्ती कायमची व्हावी म्हणून जे केले त्याने पुढची दुरुस्तीच अशक्य करून ठेवली.

याच्या मागोमाग नालीदार पत्रा आणि स्लॅब आले. नालीदार लोखंडी पत्रा लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली काढला. आमच्याकडे त्याला टिन म्हणतात. टिनाचे छप्पर हलके, वानराला न जुमानणारे, आणि एका दिवसात होणारे. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला, की त्याखाली बसवत नाही. स्लॅबला आढेही नाही आणि पन्हळही नाही, म्हणून फेरण्याचा प्रश्नच मिटला. मात्र स्लॅब गळू लागला की घरधन्याला काहीच करता येत नाही. पाणी कोठून शिरते ते दिसत नाही, उचलून पाहण्यासारखा सुटा तुकडा नाही, आणि आतली सळई गंजून फुगली की वरचे सिमेंट सोडत जाते.

सरकारी दप्तरातही या छपरांची वर्गवारी झाली. २०११ साली जी सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना झाली तिच्यात हाताने केलेले कवेलू कच्च्या छपरात धरले गेले; यंत्रावर केलेले कवेलू, टिन आणि स्लॅब ही पक्की. त्याच गणनेच्या आधारे २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेतील घरकुलांचे लाभार्थी ठरले. यावर आम्ही रुसून बसणार नाही. ज्या घरात पावसाळ्याच्या रात्री मुलांना एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात निजवावे लागते, त्या घराला पक्के छप्पर मिळाले ही गोष्ट चांगलीच झाली. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला जो पूर आला त्यात मातीच्या भिंतींची काय गत होते ते जिल्ह्याने पाहिले आहे. एवढेच सांगावयाचे, की कच्चे आणि पक्के या दोन शब्दांत छपराचा सगळा हिशेब येत नाही. किती दिवस टिकते हा एक प्रश्न. बिघडले तर कोणाला नीट करता येते, हा दुसरा. पहिला प्रश्न दप्तराने विचारला, दुसरा कोणी विचारला नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अद्याप ज्यांच्या हाती आहे अशी घरे जिल्ह्यात आजही आहेत. मोहाडी, लाखनी, साकोली, लाखांदूर या भागांतून जाताना ती रस्त्यावरून दिसतात. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना हे काम नुसते समजून घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठीही, जुन्या रीतीतील मुख्य गोष्टी येथे नोंदून ठेवतो.

गळती शोधावयाची ती उन्हाच्या दिवशी, आतून. दारेखिडक्या लावून माळ्यावर जावे आणि वर पाहावे. जेथे उजेडाचा ठिपका दिसेल तेथे कोळशाने वाशावर खूण करावी. ज्या ठिकाणी ठिबकते त्याच्या बरोबर वर भोक असेल असे धरून चालू नये. पाणी वाशावरून खाली सरकत येते आणि भलतीकडेच पडते. म्हणून खुणेपासून आढ्याच्या दिशेने वर शोधीत जावे. छपरावर जाताना पाय कवेलूच्या मधोमध देऊ नये. पाख्यावर आडवी शिडी किंवा फळी टाकावी, म्हणजे भार अनेक वाशांवर वाटला जातो. कमरेस दोर बांधून तो पलीकडच्या अंगाच्या भक्कम खांबाला अडकवावा. दव किंवा सर पडून गेल्यावर चढू नये, आणि एकट्याने तर मुळीच चढू नये.

आढ्याचे कवेलू उचलण्यापूर्वी त्याच्या खालची दोन्ही पाख्यांची शेवटची ओळ पाहावी. ती खाली सरकली असेल तर वरचा कवेलू कितीही नीट बसविला तरी फट राहणारच. जुना चिखल किंवा चुना पूर्ण खरवडावा. आमच्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून व नैऋत्येकडून येतो, म्हणून पूर्व-पश्चिम आढ्यावर कामाला पूर्वेच्या टोकाकडून आरंभ करावा, आणि प्रत्येक नवा कवेलू आधीच्या कवेलूवर चढवीत पश्चिमेकडे जावे. म्हणजे सांध्याचे तोंड वाऱ्याला पाठमोरे राहते. चुना कडांखाली दोन ओळींनी घालावा, पोकळी गच्च भरू नये. पोकळी भरली की आत शिरलेला ओलावा लाकडाला धरून राहतो. कवेलू आणि चुना दोन्ही आधी पाण्याने भिजवावेत. कोरडा कवेलू चुन्यातले पाणी शोषून घेतो आणि चुना धरत नाही.

पन्हळीचे काम नेहमी खालून वर करावे. वळचणीकडचा तुकडा पहिला, त्यावर त्याच्या वरचा, असे आढ्यापर्यंत जावे. मोठ्या उताण्या कवेलूंची पन्हळ असो वा पत्र्याची, वरचा तुकडा खालच्यावर चांगला वीतभर यावा. पत्र्याच्या दोन्ही कडा वर दुमडाव्यात आणि खिळा मारावयाचा तो कडेलाच. पाणी वाहते त्या मधल्या भागात एकही खिळा असू नये. दोन्ही पाख्यांचे तासलेले कवेलू पन्हळीवर थोडे पुढे आले पाहिजेत, पण त्यांच्या मधे तळहात सरळ आत जाईल इतकी वाट मोकळी हवी. पुष्कळजण गळती थांबावी म्हणून हीच वाट चिखलाने किंवा सिमेंटाने बुजवितात. मग कडुनिंबाची आणि चिंचेची पाने त्यात अडकतात, पाणी तुंबते आणि बाजूने उलटे पाख्यात शिरते. पन्हळीला झाकणे हे तिचे रक्षण नव्हे. ती पावसापूर्वी एकदा, आणि पहिल्या दोन-चार सरींनंतर पुन्हा एकदा झाडून काढणे, एवढेच तिला पुरते.

ही कृती वाचून कोणी लगेच शिडी लावील, अशी आमची अपेक्षा नाही. हात बसावयास दोन-तीन उन्हाळे लागतात आणि शेजारी जाणता माणूस लागतो. नेमकी अडचण तीच आहे. ज्यांच्या हातांना हे ठाऊक आहे ती माणसे आता साठी-सत्तरीची आहेत, आणि त्यांची मुले नागपूरला, रायपूरला किंवा पुण्याला आहेत. गावठी कवेलूचा आवा लावणारे कुंभार थोडे उरले आहेत. त्यांच्याजवळही आढ्याचे मोठे कवेलू मागितल्यावर मिळतात, तयार नसतात. पडलेल्या घराचे चांगले कवेलू रचून ठेवावेत आणि ज्याला लागतील त्याला द्यावेत, ही जुनी रीत काही गावांत आजही पाळली जाते. तिच्यावर पुष्कळ घरांचे आढे सध्या उभे आहे.

तेव्हा या व्याख्यानाचा शेवट आम्ही एका विनंतीने करतो. येत्या मृगापूर्वी ज्यांचे घर फेरावयाचे असेल त्यांनी घरातील एका तरी लहान मुलाला, आणि मुलीलाही, त्या कामात घ्यावे. प्रथम त्यांना वर चढवू नये. आईजवळ उभे करावे आणि मागच्या वर्षी कोठे गळले ते विचारून घ्यावयास सांगावे. मग माळ्यावर नेऊन उजेडाचे ठिपके दाखवावेत. त्यांनी पुढे स्लॅबच्या घरात राहावे, त्याला आमची हरकत नाही. पाणी कोणत्या वाटेने येते आणि कोणत्या वाटेने जाते, एवढे त्यांना ठाऊक असले, तर डोक्यावरचे छप्पर कोणतेही असो, ते त्याखाली पाहुण्यासारखे बसणार नाहीत.